चौदा राज्यं, एक पायवाट आणि सुट्टीच्या दिवसाची धाव

२१ सप्टेंबर २०२४ ची रात्र. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातला स्प्रिंगर माउंटन. नावात माउंटन असला तरी उंची चार हजार फुटांच्या आतली, म्हणजे आपल्या कळसूबाईहून कितीतरी ठेंगणा. बारा वाजायला थोडी मिनिटं उरली असताना एकतीस वर्षांची टारा डावर धावत त्याच्या माथ्यावर पोहोचली. तिथं दगडात बसवलेली एक धातूची पाटी आहे. त्या पाटीपाशी तिची धाव संपली. धाव सुरू झाली होती थेट मेन राज्यातल्या कॅटाडिन शिखरावरून, सुमारे ३,५०० किलोमीटर उत्तरेला. मधे चाळीस दिवस, अठरा तास आणि सहा मिनिटं गेली होती.

अ‍ॅपलाचियन ट्रेल या डोंगरवाटेवर त्याआधीचा सर्वांत वेगवान प्रवास कारेल साब या बेल्जियन दंतवैद्यानं २०१८ साली केला होता. टारानं त्याच्याहून तेरा तासांहून अधिक वेळ वाचवला. बाईनं पुरुषाला मागं टाकलं म्हणून वर्तमानपत्रांत मोठाले मथळे आले, आणि ते यायलाच हवे होते. पण त्या मथळ्यांमागं दडलेली एक साधी गोष्ट फार थोड्यांनी सांगितली. ही चाळीस दिवसांची एक धाव नव्हतीच.

ही वाट सरासरी दर चार मैलांवर एखादा मोटाररस्ता ओलांडते. तिथं टाराची मदतनीस मंडळी गाडी घेऊन उभी असत. त्यांत तिची आईही होती. लेक डोंगरातून खाली उतरली की तिच्या हातात खाणं द्यायचं, पाणी भरायचं, बूट बदलायचे, पायाचे फोड बघायचे आणि पुन्हा पुढच्या डोंगराकडे पिटाळायचं. दिवसाला सरासरी चोपन्न मैल, म्हणजे जवळजवळ सत्त्याऐंशी किलोमीटर होत; पण ते होत या रस्त्यापासून त्या रस्त्यापर्यंत, त्या खिंडीपासून पुढच्या खिंडीपर्यंत. एवढी मोठी वाट कुणालाच अखंड दिसत नाही. तिचा पुढचा तुकडा तेवढा दिसतो.

टारानं हे तुकडे चाळीस दिवसांत ओवले. तेच तुकडे दहा, वीस, तीस वर्षांत ओवणारी माणसंही अमेरिकेत हजारांनी आहेत. नोकरी सांभाळून, मुलांच्या परीक्षा सांभाळून, रविवारी पहाटे उठून पंचवीस मैल धावायचं, सोमवारी कामावर हजर व्हायचं आणि घरातल्या नकाशावर एक बोटभर रेघ रंगवायची. ती रेघ कधीतरी जॉर्जियापासून मेनपर्यंत जुळते. कुणाची जुळत नाही.

चाक घेऊन चालणारा वकील

ही वाट जन्मली एका लेखातून. १९२१ च्या ऑक्टोबरमध्ये बेंटन मॅकाय या वनशास्त्रज्ञानं वास्तुविशारदांच्या एका नियतकालिकात कल्पना मांडली, की पूर्व किनाऱ्याजवळच्या अ‍ॅपलाचियन डोंगररांगेच्या माथ्यावरून उत्तर-दक्षिण अशी एक सलग पायवाट असावी. शहरांत घुसमटलेल्या कामकरी माणसाला डोंगरात मोकळा श्वास घेता यावा, हा हेतू. कल्पना सुंदर होती. पण लेखानं वाट बनत नाही. झाडी तोडायला कोयता लागतो.

तो कोयता मायरन एव्हरी या माणसानं हाती घेतला. एव्हरी मेन राज्यातला, पेशानं सागरी कायद्याचा वकील, वॉशिंग्टनमध्ये सरकारी नोकरीत. १९२७ साली त्यानं तिथं डोंगरप्रेमींचा एक क्लब काढला आणि शनिवार-रविवार माणसं गोळा करून तो रानात जाऊ लागला. १९३१ पासून १९५२ पर्यंत या वाटेच्या मध्यवर्ती संस्थेचा तो अध्यक्ष होता. स्वभावानं करडा, भांडखोर म्हणावा असा. मॅकायशीही त्याचं बिनसलं, आणि तेही कायमचं. डोंगरमाथ्यावरून मोटाररस्ता नेण्याचा सरकारचा बेत होता. मॅकायला तो अजिबात मान्य नव्हता. एव्हरीचं म्हणणं, रस्ता होतो तर होऊ दे, आपण आपली वाट बाजूला सरकवू, पण ती पूर्ण करू. दोघंही आपापल्या जागी खरे होते. म्हणूनच बहुधा समेट झाला नाही.

एव्हरीच्या जुन्या छायाचित्रांत त्याच्यापुढं एक सायकलचं चाक दिसतं. चाकाला दांडा आणि अंतर मोजायचं यंत्र. हे चाक ढकलत तो वाट मोजत जाई आणि वहीत नोंदी करी: इतक्या अंतरावर झरा, इतक्या अंतरावर वळण. अशा रजेरजेतून, तुकड्यातुकड्यांतून मोजत १९३६ साली त्यानं सगळी वाट पुरी केली. वाटेचं काम अधिकृतरीत्या संपलं ते त्यानंतर, १४ ऑगस्ट १९३७ रोजी. म्हणजे वाट पुरती बांधून होण्याआधीच ती पुरी करणारा पहिला माणूस झाला होता. आणि तो एका दमात चाललेला नव्हता, सुट्टीच्या दिवशी चालणारा नोकरदार होता.

एका मोसमात सलग ही वाट चालून जाता येते हे जगाला कळायला पुढं १९४८ साल उजाडलं. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या अर्ल शेफर या तरुणानं ते करून दाखवलं, तेव्हा आधी कुणाचा विश्वास बसेना. आज मात्र चित्र उलटं आहे. पाच-सहा महिने घरदार सोडून एका दमात चालणाऱ्यांचं कौतुक होतं, पुस्तकं निघतात, सिनेमे होतात; आणि सुट्टीसुट्टीनं पुढं सरकणाऱ्याला कुणी विचारतं, “अरे वा, पण पूर्ण कधी करणार?”

संस्थेच्या दप्तरात मात्र हा भेद नाही. अ‍ॅपलाचियन ट्रेल कॉन्झर्व्हन्सी ही संस्था वाट पुरी करणाऱ्याला ‘दोन हजार मैलवाला’ म्हणून नोंदते. वाटेची खरी लांबी २,१९० मैलांहून अधिक भरते, पण नाव रूढ झालं ते झालंच. आजवर अशी वीस हजारांहून जास्त नावं नोंदली गेली. कुठून सुरुवात केली, कुठल्या क्रमानं तुकडे केले, चाललात की धावलात, पाठीवर बोजा होता की नव्हता, किती वर्षं लागली, यांतलं काही विचारलं जात नाही. पुरावाही मागत नाहीत. सगळी वाट पायाखाली घातली असं तुम्ही सांगायचं, ते मान्य करतात.

हे वाचायला सोपं वाटतं. पण ज्यानं वीस वर्षं घालवली त्याला विचारावं. कुठल्यातरी दोन रस्त्यांमधला पाऊण मैल त्या दिवशी अंधार पडला म्हणून राहून गेलेला असतो. कुणी बघत नाही, कुणी विचारत नाही. तेवढ्या पाऊण मैलासाठी पुन्हा सहा तास गाडी हाकत जायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं.

अठ्ठ्याऐंशी धावा

आता थोडा हिशेब. २,१९० मैलांचे पंचवीस-पंचवीस मैलांचे भाग पाडले तर साधारण अठ्ठ्याऐंशी धावा होतात. महिन्याला एक धरली तर सात वर्षं आणि चार महिने. हिवाळ्यात उत्तरेकडची वाट बर्फाखाली जाते, तेव्हा दहा वर्षं म्हटलेलं बरं. आणि पंचवीस मैल म्हणजे मॅरेथॉनला थोडे कमी असले तरी सपाट रस्त्यावरचे नव्हेत. या वाटेवरचे सगळे चढ एकत्र केले तर समुद्रसपाटीपासून एव्हरेस्ट सोळा वेळा चढल्यासारखं होतं. म्हणून इथं ‘धाव’ या शब्दाचा अर्थ जरा सैल घ्यावा लागतो. उभा चढ आला की पट्टीचा धावपटूही गुडघ्यावर हात ठेवून चालतो. सपाटीवर आणि उतारावर धावतो. आणि दुखापत होते ती बहुतेकदा उतारावरच.

मग प्रश्न येतो गाडीचा. वाट ही रेघ आहे, वर्तुळ नव्हे. इथं गाडी लावून धावत सुटलात तर पंचवीस मैलांवर पोहोचाल. गाडी राहील मागंच. त्याच वाटेनं परत यायचं तर अंतर दुप्पट. त्यावर लोकांनी युक्त्या काढल्या आहेत. दोन गाड्या नेऊन एक शेवटी उभी करायची. किंवा दोन मित्रांनी दोन टोकांपासून समोरासमोर धावत सुटायचं, मध्यावर भेटलं की किल्ल्यांची अदलाबदल करायची आणि एकमेकांच्या गाड्या घेऊन घरी यायचं. यात किल्ली द्यायची राहून गेली तर काय होतं, ते ज्याचं झालंय तोच सांगू जाणे!

सुरुवातीचे तुकडे घराजवळचे, म्हणून स्वस्तात होतात. व्हर्जिनियातल्या शेनन्डोआ राष्ट्रीय उद्यानात शंभरेक मैलांची वाट स्कायलाइन ड्राइव्ह हा रस्ता पंचवीसहून अधिक वेळा ओलांडते. मॅकायला न आवडलेला तो हाच रस्ता. आज नोकरदार धावपटूच्या पथ्यावर पडतो तोही हाच, कारण हवा तेवढाच घास घ्यायची सोय त्यामुळं झाली. वॉशिंग्टनकर तिथं जातात. न्यूयॉर्ककरांना बेअर माउंटन जवळ. न्यू जर्सीत तर वाटेचे सत्तरेक मैल आहेत. एडिसन, पर्सिपनीकडच्या मराठी मंडळींना डेलावेअर वॉटर गॅप गाडीनं तास-सव्वा तासावर. देशातून आलेल्या आई-वडिलांना नदीकाठी फिरवून आणताना झाडावर रंगवलेला सहा इंच उंच, दोन इंच रुंद पांढरा पट्टा त्यांतल्या कितीजणांनी पाहिला असेल. त्या पट्ट्यामागून दक्षिणेला चालत सुटलं तर जॉर्जिया, उत्तरेला मेन.

जवळचे तुकडे संपले की खरी कसोटी. धावायला सहा तास आणि पोहोचायला दहा, असा व्यवहार सुरू होतो. काही भाग तर तुकडे पाडूच देत नाहीत. ग्रेट स्मोकी माउंटन्सच्या उद्यानात फोंटाना धरणापासून डेव्हनपोर्ट गॅपपर्यंत सत्तर मैलांहून जास्त अंतर आहे आणि मधे वाटेवरून जाणारा मोठा रस्ता एकच, न्यूफाउंड गॅपचा. एका बाजूला चाळीस मैल, दुसऱ्या बाजूला एकतीस. अस्वलांचं रान. तिथं मुक्कामी राहायचं नसेल तर पहाटे काळोखात निघून रात्रीच्या काळोखात बाहेर पडावं लागतं. काही वेडे सगळे सत्तर-बहात्तर मैल एका झपाट्यात करतात, त्याचं त्यांनी वेगळं नावही ठेवलंय.

पेनसिल्व्हेनियात उंच डोंगर नाहीत, तर दगड आहेत. उभे, धारदार, पाऊल सरळ पडूच न देणारे. न्यू हॅम्पशरमध्ये वाट माउंट वॉशिंग्टनवरून जाते. १९३४ साली तिथं वाऱ्याचा वेग ताशी २३१ मैल, म्हणजे ३७२ किलोमीटर नोंदला गेला होता. आणि मेनमध्ये केनेबेक नदी आडवी येते. वरच्या धरणातून पाणी सोडलं की ती बघता बघता चढते. १९८५ साली ती ओलांडताना एक पदयात्री स्त्री बुडाली. त्यानंतर लोकांना पलीकडे नेण्यासाठी संस्थेनं होडी ठेवली आहे. होडीच्या तळाशीही पांढरा पट्टा रंगवलेला आहे, म्हणजे होडीत बसलात तरी तुम्ही वाटेवरच! केवढाही वेगवान धावपटू असो, इथं त्यानं मुकाट्यानं नावाड्याची वाट पाहायची.

या सगळ्याहून त्रासदायक म्हणजे गोचीड. ज्वारीच्या दाण्याहूनही लहान. त्यांच्या चाव्यातून लाइम नावाचा आजार होतो, वेळेवर औषध घेतलं नाही तर सांधे धरतो. त्यामुळं धाव संपल्यावर आंघोळीआधी अंग तपासणं हा घरोघरचा रिवाज. पाठ स्वतःला दिसत नाही. ती बघायला घरचं माणूस लागतं.

रस्त्यावर उभं राहणारं माणूस

घरचं माणूस! या वाटेच्या सगळ्या विक्रमांमागं ते उभं दिसतं. २०११ साली जेनिफर फार डेव्हिसनं ४६ दिवस, ११ तास, २० मिनिटांत ही वाट पुरी करून त्या वेळचा विक्रम मोडला. ती तशी धावणारी नव्हे. पहाटेपासून रात्रीपर्यंत चालत राहणारी. पहिल्या काही राज्यांतच नडग्या सुजल्या, पोट बिघडलं, आणि न्यू हॅम्पशरमध्ये तिनं नवऱ्याला सांगितलं की आता पुरे. नवरा ब्रू डेव्हिस गाडी घेऊन रस्त्यावर होता. आजारी असताना हा निर्णय घ्यायचा नाही, एवढंच त्यानं धरून ठेवलं. औषध, जेवण, झोप झाल्यावर बघू. ती पुढं गेली. वाटेवर खस्ता खाल्ल्या तिनं, आणि पुढच्या रस्त्यावर वेळेत पोहोचण्यासाठी अनोळखी कच्च्या सडकांवर रात्री-अपरात्री गाडी हाकली ब्रूनं.

२०१५ मध्ये एकेचाळीस वर्षांच्या स्कॉट ज्युरेकनं तिच्याहून तीनेक तास कमी घेतले. त्याची पत्नी जेनी गाडी चालवत होती. पहिल्याच आठवड्यात गुडघा आणि मांडी दुखावली, तरी तो टिकला. कॅटाडिनच्या शिखरावर शॅम्पेन उघडली गेली आणि उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी लगेच त्याच्यावर नियमभंगाच्या नोटिसा बजावल्या: उघड्यावर मद्य, बाराहून जास्त माणसांचा जमाव, कचरा. शेवटी मद्यपानाचा पाचशे डॉलर दंड भरून प्रकरण मिटलं. अनेकांना ते हास्यास्पद वाटलं. पण डोंगर हे मैदान नव्हे, ही अधिकाऱ्यांची बाजूही ऐकण्यासारखी होती.

आणि टारा? २०१७ साली ती पहिल्यांदा या वाटेवर आली, तेव्हा थोड्याच दिवसांत तिला भीतीचा झटका आला आणि ती परत गेली. २०१९ मध्ये नवऱ्याबरोबर पुन्हा आली, पाच महिन्यांहून थोडा अधिक वेळ घेऊन चालत वाट पुरी केली. चाळीस दिवसांची धाव ही तिची या वाटेशी तिसरी गाठ होती.

बेंटन मॅकायला मात्र हे वेगाचं वेड रुचत नसे. वाट लवकर संपवणाऱ्यापेक्षा सर्वांत जास्त वेळ घेणाऱ्याला बक्षीस द्यायला हवं, असं तो म्हणे. त्या हिशेबानं बक्षीस सुट्टीसुट्टीनं धावणाऱ्या कारकून-मास्तर-परिचारिकांच्या वाट्याला यायला हरकत नव्हती. एकाच टेकडीवर एकदा एप्रिलमध्ये, एकदा ऑक्टोबरमध्ये जायला मिळतं ते त्यांनाच. सलग जाणाऱ्याला प्रत्येक जागेचा एकच ऋतू दिसतो.

आपल्याकडे हा प्रकार अगदीच अनोळखी नाही. नर्मदा परिक्रमा सलग करायची तर परंपरेनं तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस लागतात. संसारी माणसाला ते कुठून जमणार? जबलपूरचे चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड यांनी १९७७ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ही परिक्रमा सुट्ट्यांत, तुकड्यातुकड्यांनी सुरू केली आणि वर्षानुवर्षं चालवली. नंतरच्या टप्प्यांत पत्नी कांताही सोबत होत्या. खंड परिक्रमा म्हणून तिला कुणी उणं लेखलं नाही.

अमेरिकेतही एका आजीची गोष्ट अजून सांगतात. ओहायोतल्या एमा गेटवुड, अकरा मुलांची आई. १९५५ साली सदुसष्टाव्या वर्षी, कापडी बूट घालून, घरी शिवलेली थैली खांद्यावर टाकून त्यांनी एकटीनं, एका मोसमात ही वाट पुरी केली. असं करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १९५७ साली पुन्हा केली. हे सगळे सांगतात. त्यांनी ती तिसऱ्यांदाही केली, हे कमी सांगितलं जातं. १९६४ साली ती पुरी झाली तेव्हा त्या शहात्तर वर्षांच्या होत्या, आणि या खेपेला त्यांनी वाट तुकड्यातुकड्यांनी केली होती. तीन वेळा ही वाट पुरी करणारं पहिलं माणूस म्हणून त्यांचंच नाव घेतात.

तुकडा राहून गेला तर पुढं कधी करू, असं म्हणणाऱ्याला वाट कधी कधी थांबवतेही. टारा स्प्रिंगरवर पोहोचली आणि आठवडाभरात हेलेन चक्रीवादळ त्याच डोंगरांवर कोसळलं. नॉर्थ कॅरोलिना आणि टेनेसीत हजारो झाडं वाटेवर आडवी झाली. टेनेसीतल्या अर्विन गावाजवळ नोलिचकी नदीवरचा, वाट ज्याच्यावरून जायची तो पूलच वाहून गेला. त्या भागात एकच तुकडा उरलेली मंडळी नकाशा घेऊन घरी बसून राहिली. स्वयंसेवक करवती घेऊन रानात शिरले, त्यांत ज्यांची स्वतःची रेघ अपुरी होती असेही असणार. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, नोलिचकीवरही होडीची सोय झाली. सकाळी ठरलेल्या वेळी नावाडी आला की जाकीट घालायचं, पाठपिशवी मांडीवर घ्यायची आणि पलीकडच्या काठावर उतरून पुन्हा पळत सुटायचं.